थोरल्या जावयाचा उजवा हात

कटिंगमास्तरांना आयुष्यात दोनच कामं मनापासून जमली, असं त्यांची बायको म्हणते: कापड कापणं आणि साडूवर जळणं. पहिल्याचा पगार मिळायचा. दुसरं ते फुकट करत, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा करत.

चौकातल्या सूट शिवणाऱ्या दुकानात ते बत्तीस वर्षं होते. पुढे काचेच्या दारापाशी मालक मापं लिहून घ्यायचे, आणि मागे लांबलचक टेबलावर मास्तरांचं राज्य. खडूची रेघ एकदा मारली की पुसायची नाही आणि कात्री एकदा चालली की मधे थांबवायची नाही, असा त्यांचा खाक्या. गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं आणि खांद्यावर कुठे सुरकुती दिसली, तर मास्तर आधी म्हणत, "एकदम फर्स्टक्लास." मग "जरा इस्त्री फिरवून आणतो" म्हणून कोट आत न्यायचे, टाके उसवायचे, पुन्हा घालायचे आणि हसत बाहेर यायचे. काही चुकलं होतं हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. बऱ्याच शिंप्यांची ही रीत असते, पण मास्तरांच्या ती हाडात मुरली होती. अंगात ताप असला आणि बायकोने विचारलं, तरी उत्तर तेच, एकदम फर्स्टक्लास.

सासऱ्यांना तीन मुली, आणि मास्तर थोरले जावई. पहिली सहा वर्षं ते एकटेच जावई होते. तेव्हा सासरेबुवा त्यांना विचारल्याशिवाय घराला रंगसुद्धा देत नसत. मग मधली मुलगी एका स्टोअरकीपरला दिली आणि मास्तरांच्या सुखाला दृष्ट लागली. हा साडू एका कारखान्याच्या गोदामात होता. सही घेतल्याशिवाय तिथून खिळा बाहेर जात नसे, आणि घरीही त्याचा कारभार तसाच. प्रत्येक पावती फायलीत, प्रत्येक फायलीवर चिठ्ठी. सासऱ्यांचा टीव्ही बिघडला तेव्हा त्याने त्याची जुनी पावती काढली, कंपनीशी भांडला आणि नवाकोरा टीव्ही आणून भिंतीवर लावला. त्या दिवसापासून कुठलाही प्रश्न निघाला की सासरेबुवा म्हणू लागले, "मधल्यांना विचारा."

त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते कायमचं. बरं, साडू वाईट असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो "दादा, दादा" करत यायचा, आपले कोट मास्तरांकडूनच शिवून घ्यायचा आणि वर चारचौघांत सांगायचा, "आमच्या दादांसारखा हात शोधून सापडायचा नाही." मास्तर "साडूबुवा, तुमचं आपलं काहीतरीच" म्हणून हसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

अपघात झाला तोही या जळण्यापायी, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना घरी सोडून दोघे टॅक्सीने परत निघाले. साडू टॅक्सीत नेहमी उजव्या खिडकीशी बसायचा, आणि 'हा नेहमी खिडकी का पकडतो' हे मास्तरांना वर्षानुवर्षं खुपत होतं. त्या दिवशी ते झटकन पुढे झाले आणि खिडकीशी जाऊन बसले. साडू म्हणाला, "बसा दादा, मी तिकडून येतो." पहिल्याच चौकात एक सामानाची व्हॅन लाल दिवा तोडून आली आणि उजव्या बाजूने सरळ मास्तरांच्या दारावर आदळली.

दार आत चेपलं. मास्तरांचा खांदा त्यावर आपटला आणि कोटाची बाही खांद्यापासून टर्रकन फाटली. साडूची मान लचकली, चष्मा फुटला. पोलिसाने येऊन विचारलं, "तुम्हाला लागलंय का?" मास्तर कपडे झटकून उभे राहिले आणि म्हणाले, "छे छे, मला काही नाही. एकदम फर्स्टक्लास." पोलिसाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. रुग्णवाहिका आली तेव्हा साडू मान धरून तिच्यात चढला.

"दादा, तुम्हीपण चला. नुसतं तपासून तर घेऊ."

"एवढ्यातेवढ्याला आडवं पडायची सवय नाही आम्हाला," मास्तर म्हणाले आणि चालत घरी गेले.

घरी जाऊन त्यांनी पहिलं काम काय केलं? कोट काढला, बाहीवरचा रक्ताचा डाग थंड पाण्याने धुतला आणि फाटलेली जागा रफू करायला बसले. एकेक धागा जुळवत अडीच तासांत बाही अशी केली की भिंगातून पाहिलं तरी पत्ता लागू नये. खांदा ठणकत होता, पण काम बघून त्यांचं समाधान झालं. बायकोला बोलावून त्यांनी दोनदा दाखवलं.

पुढचे दहा दिवस खांदा दुखत राहिला आणि मास्तर कुणाला बोलले नाहीत. अकराव्या दिवशी काळ्या लोकरी कापडावर कात्री चालत असताना ती मधेच थांबली. मास्तरांनी थांबवली नव्हती. अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना ती हातात आहे हेच कळत नव्हतं. मास्तरांनी जोर लावला, तेव्हा कात्री रेघ सोडून वेडीवाकडी गेली आणि लग्नाच्या सूटचं कापड वाया गेलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मालक पुढून उठून मागे आले.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. खांद्यापाशी नस दबली होती. ते म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल, आणि अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. नंतर केलं तर पकड परत येईल याची खात्री नाही." एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा खर्च घरच्या पैशांत भागणारा नव्हता. व्हॅनच्या विमा कंपनीने दावा मान्य केला तरच इस्पितळ तारीख देणार होतं. म्हणजे मास्तरांची कात्री आता त्या दाव्यावर अवलंबून होती.

साडूने तोवर एक वकीलबाई गाठून आपला दावा लावलासुद्धा होता. साडूने शोधलेल्या वकिलाकडे जायचं म्हणजे मास्तरांच्या दृष्टीने नाक कापून घेणंच. आठवडाभर ते नाही नाही म्हणत राहिले. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला कात्री धरायचीय का तुमचं नाक धरून बसायचंय?" तेव्हा गेले. साडू तिथे आधीच हजर होता, गळ्यात पांढरा पट्टा आणि मांडीवर फाईल. त्याने आपला फुटका चष्मा पिशवीत घालून त्यावर अपघाताची तारीख लिहून ठेवली होती.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर वकीलबाईंच्या दोन खोल्या होत्या. खालच्या यंत्राने टेबल थरथरायचं. त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"अपघाताच्या दिवशी डॉक्टरकडे गेलात?"

"नाही."

"मग कधी?"

"बोटं गेली तेव्हा. बाराव्या दिवशी."

"मधे दुखत नव्हतं?"

"दुखत होतं. पण तसं काही सांगण्यासारखं नव्हतं."

"पोलिसाला काय सांगितलंत?"

मास्तरांनी खाली बघून ते सांगितलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं, कोट आहे ना? फाटलेला?"

इथे मास्तरांचा चेहरा खुलला. कोट त्यांनी बरोबर आणला होता. तो टेबलावर पसरून ते म्हणाले, "सांगा बघू, कुठे फाटला होता?"

वकीलबाईंनी टेबलावरचा दिवा जवळ ओढला, बाही उलटीसुलटी केली, खिडकीशी नेऊन बघितली. काही सापडलं नाही. त्या म्हणाल्या, "मास्तर, इतक्या सुंदर रीतीने पुरावा बुजवलेला मी आजवर पाहिला नाही." साडू हसला नाही. तो हसला असता तर मास्तरांना चाललं असतं, पण तो कळवळून त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यानेच मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अजून सगळं हातचं गेलेलं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "अशी नस उशिरा त्रास देते हे डॉक्टर लिहून देतील. आणि धक्का केवढा होता ते या फोटोत दिसतंय." फोटो चेपलेल्या दाराचा होता. मान धरलेल्या अवस्थेतही साडूने तो मोबाइलवर काढून ठेवला होता. "आता नीट ऐका. डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही, तपासणीची एकही तारीख चुकवायची नाही, मला दाखवल्याशिवाय कशावर सही करायची नाही. आणि कंपनीकडून कुणाचाही फोन आला, कितीही गोड बोलला, तरी माझा नंबर द्यायचा आणि फोन ठेवायचा. तुम्ही बोलाल ते सगळं तिथे रेकॉर्ड होतं."

मास्तरांनी मान डोलावली. दोन महिने त्यांनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पण आतून ते उभे जळत होते. सासऱ्यांकडे गेलं की साडूला कोचावर पाठीला उशी मिळायची. "मान सांभाळा हं," असं दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणायचं. मास्तरांच्या हाताला ना प्लास्टर होतं, ना पट्टा. बधिर बोटं बाहेरून चांगल्या बोटांसारखीच दिसतात. चहाचा कप ते डाव्या हाताने उचलत, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. साडूची मान तर एव्हाना निम्मी बरी झाली असेल, आणि इथे आपलं पोट ज्यावर चालतं तो हात जातोय, पण उशी त्याला. एकदा सासरेबुवा म्हणाले, "मधल्यांनी बघा कसं पद्धतशीर केलं सगळं. थोरल्यांचं आपलं..." आणि पुढे त्यांनी नुसता हात हलवला. मास्तरांना वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्याच रविवारी ते साडूच्या इमारतीखालून चालले होते. बघतात तर साडू पाण्याचा मोठा कॅन खांद्यावर घेऊन जिना चढतोय, आणि गळ्यात पट्टा नाही. मास्तर खांबामागे उभे राहिले आणि तो दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत बघत राहिले. मनाशी म्हणाले, "नाटक्या!" त्यांना इतका आनंद झाला की ते घरी येऊन पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. विमा कंपनीचा माणूस होता, आवाज मधाळ. मास्तरांच्या तब्येतीची त्याने आपुलकीने चौकशी केली. मास्तरांनी वकीलबाईंचा नंबर सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "तुमच्या साडूंना मात्र फारच लागलं म्हणतात. मान अगदी हलवता येत नाही म्हणे."

आता माणसाने इथे फोन ठेवावा की नाही? पण नाही.

"कसली मान आणि कसलं काय!" मास्तर म्हणाले. "कालच पाण्याचा कॅन घेऊन जिना चढत होते. अहो, धक्का तो केवढा? बसमध्ये रोज याहून मोठे बसतात. गाडी जराशी हलली, बस."

"जराशीच हलली म्हणता?"

"जराशीच. मी तिथेच होतो ना!"

माणसाने तीनदा आभार मानले. मास्तरांना हलकं वाटलं. साडूला थोडी चपराक बसेल एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आपण त्याच गाडीत बसलो होतो, त्याच धक्क्याने आपला खांदा गेला, हे त्या पाच मिनिटांत त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. मत्सराने माणूस मूर्ख होतो, आणि मास्तरांसारखा हुशार माणूस तर ठार मूर्ख होतो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बायकोने ते मोठ्याने वाचलं. अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार धक्का किरकोळ होता, सबब त्याच्या खांद्याची दुखापत या अपघाताने झाल्याचं कंपनी मान्य करत नाही. बायकोने पत्राची घडी केली आणि विचारलं, "स्वतःच्या सांगण्यानुसार म्हणजे कुणाच्या?" मास्तर उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभे राहिले. अपघाताला चार महिने होत आले होते.

वकीलबाईंनी दोघांना बोलावलं, कारण साडूच्या दाव्यातही कंपनीने तेच बोलणं लावलं होतं. साडू तावातावाने आला. मास्तर खुर्चीवर बसायच्या आत तो बोलायला लागला.

"बाई, हे साफ खोटं आहे. दादा असं बोलणारच नाहीत. कंपनीने बनवलंय हे सगळं. रेकॉर्डिंग मागवा, मी सांगतो तो आवाज दादांचा नाही. वाटेल तिथे सही करतो."

मास्तरांच्या समोर सुटकेचं दार उघडं होतं. नुसती मान डोलावली असती तर साडू त्यांच्यासाठी भांडला असता, दिवसेंदिवस भांडला असता. खाली छपाईचं यंत्र सुरू होतं आणि मास्तरांचा निर्जीव हात टेबलावर त्याच्याबरोबर थरथरत होता.

"आवाज माझाच आहे," ते म्हणाले.

साडूने फाईल मिटली. वकीलबाई म्हणाल्या, "ठीक आहे. कंपनीच्या नकारावर आपण न्यायाधिकरणात सुनावणी मागू. तिथे असं बोलणं मागे घेता येतं, पण प्रतिज्ञापत्र करावं लागेल, आणि त्यात का बोललात ते लिहावं लागेल. कारण खरं हवं. गुळमुळीत लिहिलंत तर तो फोनच खरा मानतील, आणि मग ऑपरेशन विसरा. का बोललात?"

"चुकून."

"चुकून माणूस एक शब्द बोलतो मास्तर, पाच मिनिटं बोलत नाही."

मास्तरांनी साडूकडे बघितलं नाही. ते टेबलाकडे बघत बोलले. "जळत होतो. यांच्यावर. आज नाही, हे जावई होऊन आले तेव्हापासून. सासरे यांना विचारतात म्हणून, यांची सगळी कागदपत्रं जागच्या जागी असतात म्हणून. यांच्या मानेखाली उशी देतात आणि माझा हात कुणाला दिसत नाही म्हणून. टॅक्सीत मी त्या खिडकीशी बसलो तेसुद्धा यांना मिळू नये म्हणून. कॅन घेऊन चढताना दिसले तेव्हा मला वाटलं, सापडला. त्या माणसाने यांचं नाव काढलं आणि मी बोलत सुटलो. धक्का मोठा होता. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती."

वकीलबाई लिहीत होत्या. "हे सगळं असंच लिहू? निकाल देणारे वाचतील, कंपनीचा वकील वाचेल."

"असंच लिहा."

कागद छापून आला. मास्तरांनी पेन उजव्या हातात घेतलं, ते निसटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा निसटलं. बोटांत पेन अडकवून त्यांनी टेकवलं तर कागदच सरकायला लागला. वकीलबाई म्हणाल्या, "अंगठा चालेल." मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि तिसऱ्यांदा पेन उचललं. तेव्हा साडूने हात पुढे करून कागद दोन्ही कडांनी दाबून धरला. सही वाकडीतिकडी, पण पुरी झाली. साडूने कागदावरचा हात तसाच ठेवून म्हटलं, "तुम्ही मला कॅन नेताना बघितलंत, त्याच्या दोन दिवस आधीच डॉक्टरांनी पट्टा काढायला सांगितला होता दादा. ते कंपनीलाही कळवलंय. फायलीत आहे." मग हात काढून घेतला आणि म्हणाला, "यापुढे आमच्या घरी येऊ नका."

सुनावणीत ते प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं. कंपनीच्या वकिलाने मुद्दाम विचारलं, "म्हणजे साडूवर जळून तुम्ही खोटं बोललात?" मास्तर भरल्या खोलीत म्हणाले, "हो." मागे कुणीतरी फिसकन हसलं. दाराचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद आणि हे तीन पानी जळणं, सगळं बघून दोघांचेही दावे मान्य झाले. सहा महिने पुरे व्हायला नऊ दिवस उरले असताना ऑपरेशन झालं. पकड परत आली. पहिलं बोट अजून जरा आळशी आहे, पण कात्री रेघ सोडत नाही. मालकांनी त्यांना पुन्हा मागच्या टेबलावर घेतलं.

साडू कोट मात्र दुसरीकडे शिवतो.

मागच्या महिन्यात सगळे सासऱ्यांकडे जमले होते. तिसऱ्या मुलीचं लग्न होऊन चार महिने झाले होते. नव्या जावयाच्या स्कूटरला आदल्या दिवशी एका गाडीने धडक दिली होती, गुडघा सुजला होता. सासरेबुवा म्हणाले, "मधल्यांना विचारा." साडू गॅलरीत त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि विचारायला लागला, "गाडीचा नंबर घेतलास? डॉक्टरला कुठे कुठे दुखतंय ते सगळं सांगितलंस ना? काही राहिलं असेल तर उद्या मी येतो बरोबर. आणि हे बघ, फोन आला तर बोलायचं नाही. मला सांगायचं. अगदी कधीही फोन कर."

मेव्हणीने दोन कप चहा मास्तरांच्या हातात देऊन बाहेर पाठवलं. उजव्या हातातला कप त्यांनी न हिंदकळू देता साडूपुढे धरला. साडूने तो घेतला नाही. "ठेवा तिथे," म्हणाला, त्यांच्याकडे न बघता.

"दादा, बसा ना तुम्हीपण," नवा जावई म्हणाला.

साडू काही बोलेल म्हणून मास्तरांनी वाट बघितली. साडू नव्या जावयाच्या कागदांना फायलीसाठी भोकं पाडत होता. "नको, आत काम आहे," मास्तर म्हणाले. आत काही काम नव्हतं. ते आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. गॅलरीतून साडूचा आवाज ऐकू येत होता, "घाबरू नकोस, मी आहे ना," आणि मास्तर त्या नव्या जावयाच्या सुजलेल्या गुडघ्यावर जळत होते.